स्वच्छ रेकॉर्डिंग

उरणचा रॉक गायक धनेश ठाकूर साठी उलटल्यावर पुन्हा स्टेजवर चढला, तो बायको मृणालीच्या हट्टामुळे. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम उरणच्याच मैदानात होता. डॉक्टर नको म्हणत असतानाही ती आली आणि पहिल्या रांगेत बसली. पुढच्याच महिन्यात मृणाली गेली.

त्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम हातात आला, तेव्हा धनेशने दार लावून तो दोनदा ऐकला. मग वाशीच्या स्टुडिओत ओंकारला फोन केला. रेकॉर्डिंगचं सगळं काम त्यानेच केलं होतं.

"ओंकार, दोन गाण्यांच्या मधे काहीच ऐकू येत नाय रे."

"दादा, पुढे एक बाई बसली होती. प्रत्येक गाणं संपलं की 'धनू, आजून येक होऊ दे' म्हणून ओरडायची. किती मेहनतीने काढलाय तिचा आवाज. आता एकदम स्वच्छ वाटतं ना?"



"मूळ रेकॉर्डिंग आहे तुझ्याकडे?"

"नाही दादा. हार्ड डिस्क भरली होती, उडवलं ते."



"बरं केलंस," धनेश म्हणाला, आणि ती बाई कोण होती हे त्याने ओंकारला कधीच कळू दिलं नाही.