पत्र्याचा डबा

नामांतराच्या दंगलीत पालमजवळची वस्ती जाळल्याचं पाळकसाहेबांना कळलं होतं. पण त्यांनी सायकल काढली ती वस्तीमागच्या ओढ्यातल्या निळ्या फुलासाठी. वर्षातून आठच दिवस फुलणारं हे रोप त्यांच्या वनस्पतिसंग्रहात अजून नव्हतं. एकच मिळालं, ते ओल्या कागदात गुंडाळून खांद्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. दर रविवारी त्यांच्या चर्चमध्ये उपासनेला येणारी तानुबाई त्यांना परतताना बघून जळक्या उंबऱ्यावरून उठली. "म्या म्हणलं नव्हतं, साहेब येतेत म्हणून?" ती बायांना म्हणाली. "डब्यात दवाई हाय ना?" साहेब सायकलवरून उतरले. तिनंच डबा उघडला, कागद उलगडला. "पाल्याची हाय व्हय? लय तरास घेतलाव आमच्यापायी." तिनं कोपरापर्यंत भाजलेला हात पुढं केला. "वाटून लावायची का नुसती चोळायची?" त्या रोपाला कसलाच औषधी गुण नव्हता. "वाटून," साहेब डब्याचं झाकण लावत म्हणाले.