तीच पँट
"साखर तीनशेच्या वर. गोड सोडा, रोज चाला," असं ऐकून भल्याभल्यांची बोलती बंद होते, पण शिंपीणबाईंचा नवरा डॉक्टरीणबाईंवरच उखडला. "तुमचं मशीन बिघडलंय! दहा वर्षं हीच पँट घालतोय, कंबर जिथल्या तिथं आहे. ऊठ गं, चल." एकदा उंबरा ओलांडला, की हा माणूस पुन्हा दवाखान्याचं तोंड पाहणार नव्हता. शिंपीणबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "अहो, मशीन बरोबर आहे. तुम्ही खट्टू होऊ नये म्हणून धुतलेली पँट वाळली, की मीच दरवेळी थोडी उसवून सैल करत आले." त्यानं कंबरेवरची शिवण बोटांनी चाचपली. "किती?" "चार इंच. आता आत उसवायला कापडच उरलं नाही हो." तो मटकन खुर्चीत बसला. "बाई, चालायचं किती म्हणालात?"