सहा फोटोंचा बांध

पोर्टफोलिओत एक तरी हलतं चित्र हवं होतं. मृणालीने ओहोटीच्या वेळी खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबांधाला चिखल लावणाऱ्या बापाचे, काळुरामचे, सहा फोटो काढले आणि पेणच्या कॉलेजात बसून ते एकामागोमाग जोडले. काळुराम वाकला, चिखल थापून उठला. पुन्हा वाकला.

तिसऱ्या फेरीला पाणी त्याच्या घोट्याला लागलं.

मृणालीने सहाही फोटो वेगवेगळे उघडून पाहिले. प्रत्येकात पायाखाली नुसता चिखल होता. चित्र पुन्हा चालू केलं, तर पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं.

"बंद कर गो ते," शेजारची राणी म्हणाली.

तिने बंद केलं. राहवेना म्हणून उघडलं, तेव्हा पाणी कमरेला होतं.

तिने घरी फोन लावला.

"उधाणानं बांध फोडलाय," आई म्हणाली. "घरटी एक माणूस बोलावलाय. बापूस कवाच गेला."

"त्याला माघारी बोलव, आई!"

"असा कसा येल गो? आपल्या घरचा दुसरा हाय कोण?"

पडद्यावर पाणी छातीला लागलं होतं. काळुराम वाकला.

आता त्याने उठायचं होतं.

सहाही फोटो फिरून गेले, पुन्हा फिरले. चित्र चालूच होतं. हलत होतं ते फक्त पाणी.