पुडीत गेलेलं पान

"मिच्छामी दुक्कडम्," म्हणत खुशबू वाकली, तेव्हा धरमचंद शेठ किराणा दुकानाच्या गादीवर बसून पारण्याचं मुगाचं पाणी पीत होते.

"कशाबद्दल गं?" त्यांनी विचारलं.

"असंच, पप्पा. वर्षभरात कळत-नकळत काही झालं असेल तर."

शेठनी हसून लेकीलाही हात जोडले. संवत्सरीच्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या बाजारपेठेतली सगळी जैन मंडळी अशीच एकमेकांची माफी मागत. कुठली चूक ते सांगायची पद्धत नव्हती. माफी मागायची, द्यायची आणि पुढच्या घरी जायचं. पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यापासून खुशबू या दिवसासाठी न चुकता घरी येई.

शेठनी मग काट्यापाशी उभ्या असलेल्या जुन्या नोकराला, सावळेरामला हात जोडले.

"मला कशाला, शेठ? गुन्हेगार तर मी हाय. त्ये पान माझ्याच हातनं पुडीत गेलं."

"पंधरा वर्षं झाली की रे."

"झाली. पर गोष्टीतला चोर कोण त्ये तुमाला कळलं न्हाईच."

"व्यापारीच असणार."

"पप्पा, व्यापारी स्वतःचे मोती कशाला चोरेल?" खुशबू म्हणाली. "त्याची आंधळी बहीण. ती आंधळी नव्हतीच."

"मागच्या वर्षी तर तू स्वयंपाक्याला धरलं होतंस," शेठ म्हणाले, आणि पाण्याचा घोट घशात अडकेपर्यंत हसले.

गोष्ट एक्याण्णव सालची. पुड्यांसाठी घेतलेल्या रद्दीत एक जाड बांधीव पुस्तक निघालं. कुणीतरी हौसेनं जुनी चित्रकथांची मासिकं एकत्र शिवून घेतली होती. बेटं, भुयारं, खजिने, गुप्तहेर. पिवळी पानं आणि ओळींबाहेर सांडलेले रंग. शेठनी ते फाडू दिलं नाही. दुपारी दुकानाला गिऱ्हाईक नसे. तेव्हा ते पोतं टाकून बसत आणि नऊ वर्षांच्या खुशबूला शेजारी घेऊन रोज एक गोष्ट वाचत. त्याआधी बापलेकीत बोलणं असं नव्हतंच. हे आण, ते दे, अभ्यास कर, एवढंच.

शेवटची गोष्ट लांबलचक होती, दीपगृहातल्या मोत्यांच्या चोरीची. तीन दिवस पुरली. तिसऱ्या दुपारी गुप्तहेरानं सगळ्यांना एका खोलीत बोलावलं, बोट उचललं, आणि पुढचं पान नव्हतं. शिवणीपाशी नुसती चिंधी उरली होती.

सगळ्यांच्या नजरा सावळेरामकडे गेल्या. पुड्या तो बांधायचा. हाताला लागेल तो कागद ओढायचा, जिरं टाकायचं, मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला दोन-तीनशे पुड्या. डोळे गिऱ्हाइकाकडे आणि हात आपले चालूच. त्यानं नाही म्हटलं असतं. पण त्याला स्वतःलाच खात्री नव्हती.

"ओढलं आसंल, शेठ," तो म्हणाला. "हात बघत न्हाई माझा."

"मग आता शोध, सावळ्या," शेठ म्हणाले.

त्यानं खरंच शोधलं. मंचरपर्यंतची रद्दीची दुकानं पालथी घातली. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन डब्याखाली अंथरलेले कागद उचलून पाहिले. ते थांबलं, तरी एक सवय राहिली. पुडी बांधण्याआधी तो प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी निरखून बघू लागला. वाचता येत नव्हतं, चित्र आहे का तेवढं बघायचा. गिऱ्हाइकं खोळंबत. "सावळेराम, बातम्या मागनं वाच, आधी शेंगदाणं दे," असं कुणीतरी म्हणे आणि सगळं दुकान हसे. तोही हसे.

शेठ आणि खुशबू मात्र रोज दुपारी पुस्तक उघडून बसत. पहिल्या चित्रापासून पुन्हा. आज कप्तान, उद्या स्वयंपाकी, परवा व्यापारी. अशी कितीतरी वर्षं गेली.

पारण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी शटर वर केलं आणि ते पायरीवर टेकले. डिंभ्याहून सावळेरामला आणणारी एस.टी. त्या दिवशी उशिरा आली. सावळेराम उतरला तेव्हाही ते तसेच बसलेले होते. त्यानं हाक मारली, मग खांद्याला हात लावला.

शेठ गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी घरी शोकाची बैठक, उठावणं झालं. पाहुणे अजून बसलेले असताना सावळेराम आत आला आणि त्यानं दुकानाची किल्ली खुशबूच्या आईपुढे, मोहनबाईंपुढे ठेवली.

"बाई, उद्यापासनं मी येत न्हाई."

"का रे? तुझ्याशिवाय दुकान कसं चालायचं?"

"शेठनी उभ्या जन्मात येकच वस्तू मागितली माझ्याकडं. ती न्हाई घावली. मानूस तसाच गेला. आता त्या गादीकडं बघवत न्हाई."

"एका कागदापायी? त्यांनी तुला कधीच माफ केलं होतं."

"त्यांनी केलं, बाई." सावळेराम आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "मला ह्या हाताला माफ करता येईना."

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मान हलवली, दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं. सावळेरामनं उंबऱ्याबाहेर जाऊन चपला पायात सरकवल्या. खुशबू उठली. बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत ती दारापर्यंत आली.

"काका, थांबा." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ते पान मी फाडलं होतं. गोष्ट संपली असती, तर पप्पा दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसले नसते."