नमुन्याची डबी

"ही डबी रिकामी कशी?" आहारतज्ज्ञ मॅडमनी फ्रिजमध्ये डोकावत विचारलं, आणि हॉस्पिटलच्या किचनमधल्या सगळ्या पळ्या जागच्या जागी थांबल्या.

पेशंटना जे जे जातं, त्यातलं वाटीभर डबीत भरून दोन दिवस जपून ठेवायचं. कुणाचं पोट बिघडलं तर तपासायला नमुना हवा. नाही बिघडलं तर डबी कचऱ्यात उलटी करायची. आज सकाळच्या सात डब्यांपैकी एक चाटूनपुसून साफ होती.

"मी खाल्लं," सूपच्या पातेल्याजवळची स्वयंपाकीण म्हणाली. पहाटे चारपासून उभी होती ती. साडेसातला खोटं बोलण्याइतकं त्राण तिच्यात उरलेलं नसे.

"काय होतं त्यात?"

"उकडलेल्या भाज्या. बिनमिठाच्या."

"चोरायचंच होतं तर जरा चवीचं तरी चोरायचं," भाजी चिरणारी तिची सोबतीण पुटपुटली. कुणी हसलं नाही, कारण सुपरवायझरने मेमोचं पॅड बाहेर काढलं होतं. स्वयंपाकिणीचा हा तिसरा. पहिले दोन चारच्या पाळीला चार वाजून सहा मिनिटांनी आल्याबद्दलचे. तिसऱ्या मेमोनंतर कायमचं घरी बसायचं, हे तिथल्या भांड्यांनाही ठाऊक होतं.

"पण का खाल्लंत, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"साडेपाचला हात थरथरायला लागले. मला शुगर आहे. समोर उकळतं पातेलं, त्यात पडले असते तर? पेशंटच्या वाटणीचं उचलवेना. हे परवा कचऱ्यातच जाणार होतं."

"मग घरून डबा आणायचा ना."

"आत आणायला बंदी आहे. दारावर कागद लावलाय, तुमच्याच सहीचा."

"कँटीन?"

"नऊला उघडतं. आणि शेवटची ट्रॉली साडेआठला जाईपर्यंत आम्हाला इथून हलता येत नाही."

मॅडम काही दुष्ट नव्हत्या, आणि संताप येतो तो त्याचाच. त्यांनी अगदी मायेने समजवायला घेतलं. शुगर असताना पोट रिकामं ठेवू नये. दर तीन तासांनी काहीतरी खावं. रात्री सात तास तरी झोपावं. मावशी, आपल्या शरीराचं ऐकायला शिका जरा.

आता, अडीचला उठणाऱ्या बाईने सात तास झोपायचं तर संध्याकाळी साडेसातला पाठ टेकायला हवी. साडेसातला तिच्या घरी मुलं जेवायची असतात, नवरा कामावरून यायचा असतो, सासूबाईंचं औषध द्यायचं असतं. तीनशे पेशंटांचं पथ्य तोंडपाठ असलेल्या मॅडमना एवढं साधं गणित कधी करावंसं वाटलं नव्हतं. शरीराचं ऐकायला शिका म्हणे. साडेपाचला तिने दुसरं काय केलं होतं?

"सात तास," स्वयंपाकीण म्हणाली. "कोणत्या वारी, मॅडम?"

 मॅडम फ्रिजचं दार उगाच दाबून बघत राहिल्या.

"वाद नको," सुपरवायझर मध्ये पडला. "इथलं अन्न पेशंटचं आहे. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्यालाच ताट. सगळ्यांना एकच नियम. करा सही इथे."

स्वयंपाकिणीने ॲप्रनला हात पुसले आणि त्याच्या हातातलं पेन घेतलं. मेमोकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ओट्यावर ताटांना लावायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पडला होता, त्यातली एक कोरी चिठ्ठी तिने पुढ्यात ओढली. रोज शेकड्याने भरत असल्यामुळे तिला रकाने वाचावे लागत नव्हते. नाव, तिथे स्वतःचं. पथ्य, मधुमेह. वेळ, पहाटे साडेपाच. मग चिठ्ठी उचलून तिने मॅडमपुढे ठेवली.

"सही तुमची लागते," ती म्हणाली.

मॅडमनी पेन घेतलं, पण ते कागदाला टेकेना.

"खाट नंबर राहिलाय," सुपरवायझर कुत्सितपणे म्हणाला. "खाट नंबर नसेल तर ताट नाही."

"राहिलाच की," ती म्हणाली. मॅडमच्या हातातून पेन परत घेऊन तिने त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'अजून नाही.'