पाटीपूजनाची तडजोड

“पाटीवर सरस्वती निघंल, न्हाईतर पूजनच होणार न्हाई!” शिक्षण समितीच्या बैठकीत बद्रीनाथरावांनी सतरंजीवर हात आपटला.

“मंग आमची लेकरंबी येणार न्हाईत,” समोरून बौद्ध वस्तीतला भिवा म्हणाला. “शाळा सरकारी हाय, देवळाची न्हाई.”

दोघांच्या मधे साहेबराव गुरुजी बसले होते. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि तिला हळदकुंकू वाहायचं, ही शाळेची जुनी रीत. यंदा बौद्ध वस्तीनं ती नाकारली होती. आठ दिवस झाले, वस्तीतली अकरा मुलं वर्गात नव्हती.

गुरुजी स्वतः बौद्ध, त्यात परगावचे. गाव म्हणे, यांनीच वस्तीला फूस लावली. वस्ती म्हणे, आपला असून माणूस गावाला भितो. बायको वारल्यापासून ते पंचायतीमागच्या खोलीत एकटेच राहत. तरी सणाच्या दिवशी त्यांना कधी स्टो पेटवावा लागला नव्हता. दसऱ्याला बद्रीनाथरावांची पुरणपोळी आधी की भिवाकडची खीर, यावरून चार वर्षं ओढाताण व्हायची. तंटा सुरू झाला आणि दोन्ही घरांनी तोंड फिरवलं. मुलांची काळजी गुरुजींना होतीच. पण खरं सांगायचं तर त्या दोन घरांवाचून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

“पाटी धुवून कोरीच ठेवू,” ते म्हणाले. “फूल पाटीला वाहायचं. मनात कोणाला आणायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.”

शेवटी बद्रीनाथराव कुरकुरले, “पाटी म्हंजे विद्याच की.” भिवानं मान हलवली.

दसऱ्याच्या सकाळी सगळ्या पाट्या एका रांगेत मांडल्या. अकराच्या अकरा मुलं हजर. बद्रीनाथरावांनी स्वतःच्या हातानं भिवाच्या मुलीपुढं झेंडूची परात धरली.

खोलीवर येऊन गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला आणि दार सताड उघडं ठेवलं. आज बोलावणं येणारच. आधी कोणाकडं जायचं, एवढाच प्रश्न. अर्धं इथं, अर्धं तिथं जेवावं असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुपार झाली. कोणी आलं नाही. ऊन कललं. वस्तीवरून बुद्धवंदनेचे सूर आले. वेशीकडून सोनं लुटायला निघालेल्यांचा गलका आला. आपण होऊन जावं, तर कोणाकडं? एकाच्या घरी आधी पाऊल टाकलं की दुसरा म्हणणार, बघा, शेवटी तिकडचेच. सकाळी जुळलेलं संध्याकाळी मोडायचं. गुरुजी तांब्याभर पाणी प्याले आणि दिवेलागणीला दार लोटून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात बद्रीनाथराव भेटले.

“काल बोलावणं धाडणारच होतो, गुरुजी. मंग म्हणलं, आज सणाचं भिवानं नेलं असंल. जेवले ना?”

“जेवलो की,” गुरुजी म्हणाले. “भिवानं सोडलंच नाही.”

बद्रीनाथरावांचा चेहरा खुलला. “बरं केलं त्यानं,” असं म्हणत ते गेले.

घटकाभरानं भिवा मुलीला सोडायला आला.

“गुरुजी, काल तुमच्याकडं येणारच होतो. पर वाटलं, तुमी बद्रीनाथरावाकडं असाल.”

“तिकडंच होतो.”

“बराबर! मी घरात तेच म्हणलो,” भिवा मोकळेपणानं हसला.

गुरुजी वर्गात गेले. पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता. अकरा मुलं इतरांच्या आवाजात आवाज मिसळून पाढे म्हणत होती. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की दसऱ्याला गुरुजी दोन्ही घरी पोटभर जेवले.