कोमट पट्टा

रविवारी सकाळी पोहे-जिलबी हाणून झाली, की हे घड्याळवेडे लालबाग राजवाड्याच्या हिरवळीवर मखमली कापड पसरत आणि आपापला खजिना मांडत. आज हृषीकेशला आपलं नवं घबाड कधी एकदा दाखवतो असं झालं होतं. जुनं ऑटोमॅटिक; मनगट हललं तरच चालणारं, एरवी दोन दिवसांत बंद पडणारं. घेतल्यापासून महिनाभर ते कपाटात कुलपात होतं.

"अरे भिया, हे तर चालू आहे!" संजीव ओरडला. "टाइमपण एकदम सही!"

निशिगंधाने ते झडप घालूनच घेतलं. "आत्ता काढलंस ना हातातून? पट्टा कोमट आहे."

"मी अजून घातलंच नाही," हृषीकेश ऐटीत म्हणाला.

त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याने बक्कल लावून घड्याळ कापडावर आडवं ठेवलं. पट्टा आतून भरल्यासारखा फुगला. मग वेळ बघायला आपण मनगट वळवतो, तसं घड्याळ सावकाश वळलं.

"फिरसे, भिया, फिरसे!" संजीवने मोबाइल सरसावला. हृषीकेशही आनंदाने पुढे वाकला.

घड्याळ पुन्हा वळलं, या खेपेला झटक्यात. आणि निघायची घाई झालेला माणूस सोबत्याचं धरतो, तसं हृषीकेशचं मनगट कुणीतरी धरलं.